गाडीचं दावं

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले, वर बी.एड. केलं, आणि ही गोष्ट मी जिथे तिथे सांगते असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. सांगते. ज्यांच्या घरात आजोबांपासून पदव्या आहेत त्यांनी खुशाल गप्प बसावं. मला नाही जमत.

ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. तुमसरला आमचं घर. नवरा कचेरीत कारकून, घरी सासूबाई आणि चार वर्षांची पोरगी. मी बपेऱ्याला हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवायची. सिहोऱ्याच्या पुढे, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ हे गाव. रोज सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने यायचं. आमच्याकडे याला अप-डाऊन म्हणतात, आणि अप-डाऊन करणारा मास्तर हा गावात राहणाऱ्या मास्तरापेक्षा अर्धं बोट खालचा समजला जातो. ते मी सोसलं होतं. पण त्या वर्षी एप्रिलमध्ये सकाळची बस बंद झाली. नंतरची बस सव्वा अकराला पोचायची आणि शाळेची घंटा साडेदहाला.

मुख्याध्यापकांनी सुट्टी लागण्याआधी मला बोलावून सांगितलं, "बाई, जूनपासून इथेच खोली करा. नाही तर तुमचंही कठीण आणि माझंही." खोली मी पाहूनही आले. किराणा दुकानाच्या मागे, एक खिडकी, शेणानं सारवलेली जमीन, वाईट नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "शनिवारी येशील ना? मंग झालं. पोट्टी मी पाहीन." त्यांचं 'मंग झालं' माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. पोरीला आम्ही समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तू आता आपल्या घरी पाहुणी होशीन?"

त्याच दिवशी मी ठरवलं की गाडी घ्यायची.

लोकांना वाटलं, मास्तरीण हवेत गेली. पण मी गणिताची बाई आहे. माझ्यासारखे अप-डाऊनवाले आणखी तिघे होते, पेट्रोल चौघांत वाटून घ्यायचं ठरलं. मे महिनाभर मी तुमसरातच एकाच्या जीपवर मोटार शिकले. लोक पानठेल्यावरून उठून पाहायला यायचे. लायसन्स निघालं ते माझ्या पर्समध्ये होतं, नवऱ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. पाच वर्षं साठवलेले बारा हजार रुपये होते. त्यातच गाडी, त्यातच तिची किरकोळ दुरुस्ती, त्यातच पहिलं पेट्रोल. म्हणजे गाडी जुनीच घ्यायची, आणि जुनीतही जुनी.

शहापूरला एका तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे अँबेसिडर विकायची आहे, असं आमच्यातल्याच एका गुरुजींनी सांगितलं. शाळा बुधवारी उघडणार होती. रविवारी मी निघाले. नवरा म्हणाला, "मला गाडीतलं काही कळत नाही, मी पोरीला पाहतो." प्रामाणिक माणूस आहे. सोबत आले माझे बाबा. शेतात रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकायचे सोडून ते सिहोऱ्याकडून पहाटेच आले, धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर दुपट्टा टाकून. बाबांनी आयुष्यात वीस-पंचवीस बैल विकत घेतले होते आणि एकाही सौद्यात ते फसले नव्हते, असं ते सांगत. आई तेवढ्या वेळापुरती चुलीकडे तोंड करून बसे.

भंडाऱ्याहून शहापूरला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. हमरस्त्याला लागूनच ठेकेदाराचं मोठं आवार, आणि आवारात कडुनिंबाखाली गाडी उभी होती, चालू. इंजिन सुरू, गाडी जागच्या जागी थरथरत होती. एकेकाळी तिचा रंग दुधी असावा. एक दार हिरवं होतं.

"तुमच्यासाठी गरम करून ठेवली," ठेकेदार म्हणाले. साठीचा माणूस, अंगात बंडी, हातात तंबाखूची डबी. आम्हाला चहा आला तो गुळाचा, आणि अर्धा कप.

बाबांनी चहा एका घोटात संपवला आणि गाडीला एक फेरी मारली. मग पुढे येऊन उकिडवे बसले आणि जाळीकडे असे पाहू लागले की आता तिला तोंड उघडायला सांगतील.

"दात तं पाह्यता येत नाही," ते पुटपुटले. "कोन्या सालची?"

"सत्तरची," ठेकेदार म्हणाले.

"मंजे पंधरा वर्साची. बैल असता तं दात झिजून गेले असते."

"अवो भाऊ, गाडी हाय ते. बैल नोहे."

"दिसून राह्यलं मले," बाबा म्हणाले, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत वाकले. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. "इकडे ये बाई. हे पाह्य, खांदा."

मी वाकून पाहिलं. ब्रेक आणि क्लचच्या पेडलांवरचं रबर पार उडालेलं होतं आणि खालचं लोखंड घासून घासून आरशासारखं चकाकत होतं. बाबांचं म्हणणं माझ्या लगेच लक्षात आलं. बैलाच्या मानेवर जिथे जू बसतं तिथलं कातडं घट्टे पडून दगड होतं. विकणारा शिंगं रंगवतो, शेपटी विंचरतो, पण खांद्याचं त्याला काही करता येत नाही.

मीटरवर आकडा होता चौतीस हजार.

"चौतीस हजारच फिरली फक्त," ठेकेदार म्हणाले.

आता माझी पाळी होती. मी अगदी विद्यार्थ्याला विचारावं तसं गोड विचारलं, "काका, तुम्हाला तर जंगलात फार फिरावं लागत असेल."

माणूस फुशारला. "फिरा लागते मंजे? हप्त्यातून एकदा देवरी. दुसऱ्या दिवशी नागपूर. पत्त्याच्या सीझनमध्ये तं रोजच. रायपूरले गेलो हाय या गाडीनं दहा-बारा खेपा."

मी पर्समधून पेन्सिल काढली आणि चहाच्या पुड्याच्या कागदावर मांडलं. देवरी जाऊन-येऊन पावणेदोनशे, नागपूर शंभर, गुणिले आठवडे, अधिक सीझन, अधिक रायपूर. वर्षाला पंधरा हजारांच्या खाली काही केल्या येत नव्हतं. पंधरा वर्षांचे सव्वादोन लाख. मीटरला आकडे पाच. म्हणजे बिचारं मीटर दोनदा शून्यावर येऊन तिसऱ्यांदा चौतीस हजारांवर पोचलं होतं. कागद मी ठेकेदारांपुढे धरला.

त्यांनी तो वाचला. अगदी शांतपणे तंबाखू मळली. "मीटरवर जे लिवलं हाय ते मी सांगतलं, मास्तरीणबाई. मागचं त्यालेच मालूम."

बाबांनी माझ्याकडे पाहून दुपट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. आमच्या घरात एवढं झालं म्हणजे शाबासकी मिळाली असं धरतात.

मग मी गाडी चालवून पाहिली. हमरस्त्यावर भंडाऱ्याच्या दिशेनं दोन मैल आणि परत. बाबा शेजारी, ठेकेदार मागे. ब्रेक लागत होते. तिसरा गिअर कुरकुरत होता. स्टिअरिंग सोडलं की गाडी डावीकडे ओढ घ्यायची.

"डावा बैल सुस्त हाय," बाबा म्हणाले.

आवारात परत येऊन मी किल्लीला हात घातला तसे ठेकेदार मागून म्हणाले, "राहू द्या, राहू द्या चालू. घडीघडी बंद केली का इंजिन झिजते." अर्धा कप गुळाचा चहा देणारा माणूस पेट्रोल असं जाळतो याचं मला नवल वाटायला हवं होतं. मला वाटलं, विक्रीचा दिवस आहे, हात सैल सोडला असेल.

ठेकेदारांनी सोळा हजार सांगितले. बाबा हसले, अंगणातल्या खाटेवर ठेकेदारांजवळ सरकून बसले आणि दोघांच्या हातांवर त्यांनी दुपट्टा टाकला. बैलबाजारात असंच चालतं. भाव तोंडानं बोलत नाहीत, कपड्याखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. लहानपणी बाजारात मी हे पाहिलं होतं आणि मला ते जादूसारखं वाटायचं. आज भोवतालच्यांमध्ये मी एकटीच होते, आणि पैसे माझे होते.

दुपट्टा हलत होता. बाबांनी मान हलवली, ठेकेदारांनी जीभ टाळ्याला लावून च्-च् केलं. परत दुपट्टा हलला.

"किती झाले?" मी विचारलं.

"थांब ना बाई. सौदा चालू हाय."

"पैसे माझे आहेत, बाबा."

"हो ना. मंग तुलेच सांगन सगळ्याइच्या आधी."

मी दुपट्टा उचलला. ठेकेदारांच्या मुठीत बाबांची तीन बोटं होती. दोघांनी हात असे मागे घेतले जसं काही मी न्हाणीचं दार उघडलं.

ओसरीवर ठेकेदारांची बायको सुपात डाळ निवडत बसली होती. आता ती पदर तोंडाला लावून हसली. "बराबर करते पोरगी. जिचे पैसे तिनं हात द्यावा."

"अवं, मी परक्या बाईमानसाचा हात कसा धरू?" ठेकेदार म्हणाले.

"तुमाले कोन धरा म्हन्ते?" काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "मी धरतो. ये वं बाई, बस इथं."

मी ओसरीवर त्यांच्याजवळ बसले. त्यांनी आपला पदर दोघींच्या हातांवर ओढला आणि नियम सांगितला. दहाच्या वर एक बोट म्हणजे एक हजार. बोटाचं वरचं पेर दाबलं तर अर्धा. तोंडानं भाव काढला तर सौदा मोडला. त्यांचा हात खरबरीत होता आणि माझ्या नवऱ्याच्या हातापेक्षा मजबूत. पहिल्याच झटक्यात त्यांनी माझी पाचही बोटं मुठीत आवळली.

मी त्यांचं एक बोट धरलं.

"लेकरं किती?" काकूंनी विचारलं. पदराखाली चार बोटं.

"एक मुलगी. चार वर्षांची." एक बोट.

"कोनाजवळ ठेवता?" चार.

मी त्यांना सगळं सांगितलं. बस बंद झाली ते, खोलीचं, पाहुणीचं. सांगायचं नव्हतं, पण तोंड मोकळं असलं की माणूस बोलतो. काकूंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "आयकून जीव भरून आला वं माय," त्या म्हणाल्या आणि माझी तीन बोटं इतकी करकचून दाबली की अंगठी रुतली. तीनच्या खाली त्या यायला तयार नव्हत्या.

बाबा आणि ठेकेदार खाटेवरून उठून ओसरीच्या पायरीशी आले होते आणि आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत होते. मघाशी मी पाहत होते, अगदी तसेच.

"किती झाले?" ठेकेदारांनी विचारलं.

"सांगतो ना. थांबा जराक," काकू म्हणाल्या.

दोन. एक. दोन. एक. काकू मला म्हणाल्या की तुमसरला त्यांची मावसबहीण असते, तिच्या सुनेचे पाय दुखतात. मी म्हणाले, तिला मोहरीचं तेल लावायला सांगा. दोन. एक. मग त्यांनी माझं एक बोट धरून दुसऱ्याचं नुसतं वरचं पेर दाबलं. साडेअकरा. मी लगेच परत दाबलं, त्यांचं मन फिरायच्या आत.

पदर निघाला. आकडा ऐकून ठेकेदारांनी कपाळाला हात लावला, आणि बाबा म्हणाले, "मी तेरावर आनला होता."

पावती मीच लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे. लिहीत असताना काकू उठून गाडीमागे गेल्या, डिकी उघडली आणि आतून एक लोखंडी दांडा काढला. दोन ठिकाणी काटकोनात वाकवलेला, मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. गाडीचं हँडल. पुढच्या भोकात घालून जोरात फिरवलं की इंजिन सुरू होतं, ते. ते काखेत मारून काकू घरात चालल्या.

"हे कुठं नेऊन राह्यली?" ठेकेदारांनी विचारलं.

"दावं हाय हे. दावं आपल्या घरी राह्यते."

बाबांनी लगेच मान डोलावली. "बराबर हाय वहिनी. जनावर विकाचं, दावं नाही विकाचं." आमच्याकडे ही रीतच आहे. बैल विकला तरी त्याला बांधायचं दावं मालक देत नाही. दावं गेलं तर गोठ्याची बरकतही त्याच्यामागे निघून जाते. घेणाऱ्यानं स्वतःचं नवं दावं आणायचं.

मी मनात म्हटलं, असू दे, लोखंडाचा दांडा तर आहे. पण ठेकेदारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"अवं, ते देऊन टाक त्याइले," ते बायकोला म्हणाले. "हँडल कायले ठेवतं? मागचा आरसा ठेव. नाही तं भोंगा ठेव."

"भोंग्यानं गाडी बांधतेत का? हेच दावं."

"साहेब, वहिनी रीतीनं बोलून राहिल्या," बाबा म्हणाले. "मले नाही पाह्यजे ते. दुसऱ्याचं दावं गळ्यात असलं का जनावर फिरून जुन्या घरी येते."

"भाऊ, मी फुकट देऊन राहिलो ना."

"फुकट तं आजिबात नाही घेत."

ठेकेदारांच्या कपाळावर घाम आला. आणि मी हातातला पेन खाली ठेवला. हिशेब अगदी साधा होता. ज्या माणसानं साखर वाचवली, तो लोखंड फुकट देतो आहे, आणि देता येत नाही म्हणून घाबरतो आहे. मी उठले, गाडीत बसले आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

आवारात एकदम शांतता झाली. सकाळपासून कोणी तरी बोलत होतं आणि आता थांबलं, असं वाटलं. मग पुन्हा सुरू करायला मी सेल्फ मारला. खट्. पुन्हा मारला. खट्. गाडी हूं का चूं करेना.

"सेल्फ मेला आहे," मी म्हणाले.

"मेला नाही," ठेकेदार म्हणाले. "कधी कधी लागते."

"कधी लागला होता शेवटी?"

ते आठवत राहिले. काकू हँडल काखेत तसंच धरून दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मंजे तुमी रोज सकाळी ते फिरवता, ते सेल्फ मेला म्हनून?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मले वाटलं गाडी तशीच चालू होते. दोन वर्सं झाले पाह्यतो मी. अन् मले हात धराले बसवलं, या पोरीसंग, खोट्या मालावर." आणि पुढे त्या जे बोलल्या ते आमच्याकडच्या ठेवणीतल्या झाडीबोलीतलं होतं, ते मी लिहीत नाही. ठेकेदार तंबाखूची डबी उघडत आणि मिटत उभे होते.

पावतीवरचा आकडा मी खोडला. या वेळी पदर नाही, दुपट्टा नाही, उघड्यावर विचारलं, "किती कमी करता?" ठेकेदार काही बोलायच्या आत काकूंनी सांगितलं, "अकरा लिव." मी अकरा लिहिले.

पण गाडी तिथेच उभी होती, मुकी. आज ढकलून सुरू केलीही असती, पण रोज सकाळी ढकलायला माणसं कुठून आणायची? सेल्फ दुरुस्त करायचा तर भंडाऱ्याहून मिस्त्री आणावा लागणार, रविवारी तो मिळणार नाही, सोमवारी मिळाला तरी सामान नागपूरहून येणार. बुधवारी शाळा. आणि समोर दोन माणसं, दोन्ही प्रामाणिक, दोन्ही हट्टी. काकूंना फसवणुकीची लाज वाटत होती, आणखी शंभर कमी करायला त्या तयार होत्या, पण दावं देणार नाही. त्यांच्या सासऱ्यांनी एकदा बैलासोबत दावं दिलं होतं आणि वर्षात गोठा रिकामा झाला होता. बाबांना मी बाजूला घेतलं.

"बाबा, तो लोखंडाचा दांडा आहे. मी विज्ञान शिकवते."

"शिकव ना. पन दावं घेऊन मी या गाडीत बसनार नाही. तुहं लेकरू बसनार हाय तिच्यात."

मी कडुनिंबाखाली उभी राहिले. मला ती किराणा दुकानामागची खोली दिसायला लागली, तिची एक खिडकी. रडू येण्याइतकी मी हळवी नाही, पण चिडले होते खूप. रीतीवर चिडले होते, आणि चिडता चिडता ती पुन्हा मनात म्हणून पाहिली. विकणाऱ्यानं दावं द्यायचं नाही. घेणाऱ्यानं आपलं आणायचं.

मी काकूंजवळ गेले. "काकू, दावं नका देऊ. पण नमुना म्हणून पाहू द्याल?"

काकूंनी थोडा विचार केला. "पाह्याले देतो. हातात नाही देत."

हमरस्त्याच्या पलीकडे बैलगाडीच्या चाकांना धावा बसवणारा लोहार होता. उन्हात आमची वरात निघाली. पुढे काकू, हँडल पदराखाली लपवलेलं, त्यांच्या मागे मी, मग बाबा, आणि सगळ्यात मागे ठेकेदार, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. लोहारानं गोष्ट ऐकून घेतली आणि भाता थांबवला.

"मंजे मोटारीले नवं दावं कराचं," तो म्हणाला. त्याला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. "आना ते इकडे."

"मी धरतो. तू माप घे," काकू म्हणाल्या.

त्यानं सुतळीनं माप घेतलं. काकू ऐरणीपाशी हँडल दोन्ही हातांत आडवं धरून उभ्या, भट्टीच्या झळीत घामानं निथळत, पण सोडेनात. ट्रकच्या कुठल्याशा जुन्या दांड्याला लोहारानं तापवून दोन वळणं दिली, टोकाला आडवी खीळ ठोकली. पहिल्यांदा ते चार बोटं आखूड झालं, गाडीपर्यंत नेऊन परत आणावं लागलं. दुसऱ्यांदा नेमकं बसलं. लोहाराला पैसे द्यायला मी पर्स उघडली तर बाबांनी माझा हात बाजूला केला. नवं दावं बापानं आणायचं असतं, असं म्हणाले. ही रीत मी आधी कधी ऐकली नव्हती. मला वाटतं, त्यांनी तिथल्या तिथे केली.

हँडल मारायला मला ठेकेदारांनीच शिकवलं. सगळं उघडं पडल्यावर माणूस मोकळा झाला होता. "अंगठा बोटाइच्या बाजूनंच ठेवा बाई, दांड्याले आवळू नोका. उलटा झटका मारते, मनगट मोडते. खालून वर ओढा. एकदम." पहिल्यांदा माझा हात घसरला. दुसऱ्यांदा इंजिन खोकलं. तिसऱ्यांदा लागलं, आणि निंबावरचे कावळे उडाले. बाबा चार पावलं लांब उभे होते. त्यांनी दुपट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला नाही, काढून त्यानं तोंड पुसलं.

काकूंनी निघताना बोनेटला हळदकुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले आणि खिडकीशी वाकून म्हणाल्या, "पोट्टीले घेऊन येशीन एकदा. अन् पेट्रोल जपून. लय पिते हे."

तुमसरपर्यंत मी एकदाही गाडी बंद केली नाही. वाटेत भंडाऱ्याला बाबांना भूक लागली होती, पण त्यांनी चालत्या गाडीतूनच, रस्त्याच्या कडेनं हळू हळू जात, भजी घेतली. पैसे खिडकीतून दिले.

बुधवारी आम्ही चौघे शाळेत दहा वाजून अकरा मिनिटांनी पोचलो. मुख्याध्यापक व्हरांड्यात उभे होते. त्यांनी हिरव्या दारापासून माझ्यापर्यंत सगळं पाहिलं, मग घड्याळ पाहिलं, आणि नववीच्या वर्गात आज गणिताचा कुठला धडा घेणार एवढंच विचारलं. संध्याकाळी साडेपाचच्या आत मी घरी होते. पोरगी फाटकाशी उभी होती.

"आली?" ती म्हणाली.

"आली."

"रोज येशीन?"

"रोज."

"गाडी बंद पडली तं?"

"तर ढकलत येईन."

तिला ते पटलं. ती मागच्या सीटवर चढून बसली आणि सासूबाईंनी जेवायला बोलावलं तरी उतरेना.

ती गाडी चार वर्षं चालली. सेल्फ पुढे दिवाळीत दुरुस्त झाला. डावा बैल शेवटपर्यंत सुस्तच राहिला. ढकलावी पुष्कळदा लागली, सिहोऱ्याच्या बाजारात तर भाजीवाल्या मला ओळखून न बोलावताच मागून हात लावायच्या. पण त्या चार वर्षांत मी बपेऱ्याला राहिले नाही. एक रात्र सोडून. त्या रात्री पुलावरून पाणी वाहत होतं, आणि त्यात गाडीचा काही दोष नव्हता.